ध्रुवावरचं जीवशास्त्र आणि आपण: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईजवळच्या एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, ध्रुवीय संशोधनावर बोलायची पाळी माझी ठरलेली. त्यानंतर दोन महिने व्हॉट्सॲपवर, बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच प्रश्न येत राहतात. यंदा उत्तरं एकदाची लिहून काढली. एक आधीच सांगतो: मी स्वतः अंटार्क्टिकाला गेलेलो नाही. एका प्रस्तावात सहसंशोधक होतो, तो परत आला. का आला, ते खाली येईलच.

अंटार्क्टिका कुणाच्या मालकीची? भारत तिथं कोणत्या हक्कानं जातो?

सातबारा कुणाच्याच नावावर नाही. सात देशांनी वेगवेगळ्या तुकड्यांवर दावा सांगितलाय, पण १९५९ साली झालेल्या आणि १९६१ पासून लागू असलेल्या अंटार्क्टिक करारानं ते सगळे दावे जिथल्या तिथं थांबवून ठेवले. लष्करी तळ नाही, अणुचाचणी नाही. जायचं ते शांततेनं आणि विज्ञानासाठी.

आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली. समुद्रशास्त्रज्ञ डॉ. सय्यद झहूर कासीम नेते होते, माणसं एकवीस. ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर उतरली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारत करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला सल्लागार सदस्यही झाला. सामील कुणालाही होता येतं. सल्लागार सदस्याला मात्र निर्णयात मत असतं, आणि तो दर्जा तिथं भरीव संशोधन करून दाखवणाऱ्यालाच मिळतो. म्हणजे भिशीत जसा हप्ता भरणाऱ्याचाच नंबर लागतो तसं, फक्त इथला हप्ता संशोधनाचा. एखादी पोरगी तिथं गुडघ्यावर बसून शेवाळाचे ठिपके मोजते, तेव्हा ती देशाची खुर्चीसुद्धा धरून ठेवत असते. २०२४ च्या मे महिन्यात या देशांची सेहेचाळिसावी बैठक कोचीला झाली, ती याच खुर्चीमुळं.

आपली केंद्रं कुठं आहेत?

दक्षिण गंगोत्री हे पहिलं, १९८३-८४ चं. ते हळूहळू बर्फाखाली गेलं. १९८९ पासून मैत्री, शिर्माखर ओअॅसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यात. २०१२ पासून भारती, मैत्रीच्या पूर्वेला सुमारे तीन हजार किलोमीटरवर, लार्समान टेकड्यांत. ही इमारत १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभी केली आहे. उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून हिमाद्री. आणि आपल्याच हिमाचलात, स्पितीत, चार हजार मीटरहून उंचावर २०१६ पासून हिमांश. सगळ्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडं, म्हणजे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडं.

जीवशास्त्राच्या पोरांनी एक फरक ध्यानात ठेवावा. मैत्री समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. तिथं तळी, खडक, माती, शेवाळ, दगडफूल. पेंग्विन दारात येऊन उभे राहत नाहीत. भारती किनाऱ्यावर आहे, त्यामुळं सील, समुद्रपक्षी आणि समुद्रातलं जीवन यांवर काम करणाऱ्यांना ती सोयीची. प्रस्तावात मैत्रीला जाऊन सीलचा अभ्यास करतो असं लिहिणारे दरवर्षी कुणीतरी निघतात म्हणे.

नुसता बर्फ आहे. तिथं जीवशास्त्र कशाचं करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

अंटार्क्टिकात फुलं येणाऱ्या स्थानिक वनस्पती दोनच, आणि त्याही उत्तरेकडं निघालेल्या द्वीपकल्पाच्या बाजूला. एक गवत, एक उशीसारखं वाढणारं छोटं झुडूपवजा रोप. कायम जमिनीवरच राहणारा सगळ्यात मोठा तिथला प्राणी कोणता? एक बिनपंखी माशी, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासची. हे सांगितलं की वर्ग हसतो. पण बाकी मंडळी मोजायला लागलात तर आयुष्य पुरणार नाही: मॉस (ओल्या भिंतीवरचं मखमली शेवाळ), लायकेन, निळी-हिरवी शैवालं, यीस्ट, जिवाणू, सूत्रकृमी, कोळीवर्गातले माइट. तळ्यांच्या तळाशी जिवाणू-शैवालांच्या गालिच्यासारख्या थरावर थर. शिर्माखरचा पट्टा जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा, पण त्यात शंभराहून जास्त तळी आहेत.

लायकेन म्हटलं की पोरं कोऱ्या चेहऱ्यानं बघतात. मग मी घरच्या काळ्या मसाल्याची आठवण काढतो. त्यातलं दगडफूल म्हणजेच लायकेन. बुरशी आणि शैवाल यांनी बटईनं केलेला संसार आहे तो: जागा आणि ओलावा बुरशीचा, अन्न शैवालाचं. हेच बटईदार अंटार्क्टिकाच्या खडकाला चिकटून, वर्षाला मिलिमीटरच्या अंशानं वाढत, पिढ्यान् पिढ्या टिकतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या लोकांनी शिर्माखरच्या लायकेनची यादी करण्यात वर्षं घातली आहेत.

आता समोर दिसणारी गोष्ट. जुलैत पहिला चांगला पाऊस झाला की मी पोरांना गावातल्या बारवेवर नेतो. पायऱ्यांच्या सांध्यांत मॉस हिरवं झालेलं असतं. चिमूटभर उचलायचं, काचेच्या बशीत पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवायचं, सकाळी पिळून ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अर्धा तास डोळा लावून बसली होती. एकदम म्हणाली, "सर, ह्याला पाय हायेत!" आठ पाय, प्रत्येकाला नख्या, गोल गुबगुबीत अंग, आणि चाल अशी की जत्रेतून दमून परतलेलं अस्वल. टार्डिग्रेड. लांबी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. उन्हाळ्यात बारव वाळली की हा पाय आत ओढून, अंगातलं पाणी टाकून, वाळलेल्या तुरीच्या दाण्यासारखा पडून राहतो. याचेच भाऊबंद अंटार्क्टिकाच्या मॉसमध्ये आहेत, तिथं ते थंडीसाठी हेच करतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९८३ साली तिथून आणलेलं मॉस गोठवून ठेवलं होतं. २०१४ मध्ये ते वितळवलं, तर आतला टार्डिग्रेड तीस वर्षांनी चालायला लागला, आणि त्यानं अंडीही घातली.

समुद्रात तर खजिनाच आहे. क्रिल नावाचे झिंग्यासारखे जीव, ज्यांच्यावर व्हेल, सील आणि पेंग्विन पोसले जातात. रक्तात हिमोग्लोबिनच नसलेले आइसफिश. रक्त गोठू नये म्हणून अंगातच गोठणरोधक प्रथिनं बनवणारे मासे.

आपल्या लोकांनी आजवर काय काम केलंय?

हैदराबादपासून सुरू करतो. १९५६ पर्यंत मराठवाड्याचा कारभार तिथूनच चालायचा, त्यामुळं ते आपल्याला परकं नाही. तिथल्या पेशी आणि रेणु जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिर्माखरच्या मातीतून आणि तळ्यांतून थंडीप्रिय जिवाणू वेगळे काढले. १९९२ मध्ये नोंदवलेला स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकम हा त्यातला एक. त्यांचा खरा प्रश्न होता की इतक्या थंडीत पेशीचं आवरण कडक कसं होत नाही. हे समजायला घरचं उदाहरण पुरतं. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली दगड होते, शेजारची करडईची नाही. कारण करडईच्या तेलात असंपृक्त मेदाम्लं जास्त. थंडीतले जिवाणू आपल्या आवरणातल्या मेदाम्लांचा असाच मेळ बदलत राहतात, म्हणजे खोबरेलाचं करडईकडं नेतात म्हणा ना.

पंजाबच्या केंद्रीय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१६-१७ च्या मोहिमेत भारतीजवळून एक मॉस आणलं. नवी प्रजाती म्हणून ते जाहीर व्हायला २०२१ उजाडलं. नाव दिलं ब्रायम भारतीएन्सिस. नमुना गोळा करायला काही मिनिटं, तो नवा आहे हे सांगायला वर्षं. वर्गीकरणाचं काम असंच असतं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था सील, पेंग्विन, स्नो पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी यांच्या नोंदी ठेवते. १९९५-९६ मध्ये सागर संपदा जहाजावरून क्रिलसाठी पहिली खास भारतीय मोहीम गेली.

आणि लोहाफेक्स. २००९ च्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोहाचं द्रावण सोडलं. तिथल्या पाण्यात इतर खत भरपूर, लोह मात्र कमी. लोह दिलं की शैवाल फोफावेल, कार्बन शोषेल आणि तो घेऊन तळाशी जाईल असा अंदाज. शैवाल वाढलं. पण सिलिका कमी असल्यानं डायटम नावाची जड कवचाची शैवालं वाढली नाहीत, आणि जी वाढली ती मऊ शैवालं कोपेपॉड नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्यांसारख्या जीवांनी फस्त केली. कार्बन खाली गेलाच नाही म्हणण्यासारखा. युरिया टाकून पीक हिरवंगार झालं आणि शेंगा भरायच्या वेळी अळी पडली, अशी ही गत. माझ्या मते भारतीय ध्रुवीय जीवशास्त्रातलं हे फार मोलाचं काम. समुद्रात लोह टाकून हवामान दुरुस्त करू म्हणणाऱ्यांना त्यानं जमिनीवर आणलं.

आर्क्टिकमध्ये वेगळं काय?

दक्षिणेला समुद्रानं वेढलेली जमीन, उत्तरेला जमिनीनं वेढलेला समुद्र. पेंग्विन तिकडं, पांढरी अस्वलं इकडं. न्यू-ओलसुंड हे छोटं संशोधन-गाव उत्तर ध्रुवापासून सुमारे १२०० किलोमीटरवर आहे, तिथं आपलं हिमाद्री. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर अस्वलापासून बचावाची तयारी आणि बंदूक सोबत असावी लागते. रेडिओ दुर्बिणीच्या कामात अडथळा नको म्हणून तिथं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. हे ऐकून पोरं अस्वलापेक्षा जास्त घाबरतात.

तिथं जायचा आपला हक्क मात्र जुना आहे. १९२० च्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश हिंदुस्थानची सही आहे. २०१३ पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे, आणि २०२२ मध्ये आर्क्टिक धोरण जाहीर झालं. जीवशास्त्रज्ञांसाठी मुख्य आकर्षण म्हणजे हिमाद्रीसमोरचा कोंग्सफिऑर्ड, म्हणजे जमिनीत आत शिरलेली समुद्राची खाडी. त्यात अटलांटिकचं कोमट पाणी वाढतंय, आणि त्याबरोबर दक्षिणेकडचे जीव आत शिरताहेत. २०१४ पासून आपली इंडार्क ही वेधशाळा त्या पाण्यात १९२ मीटर खोलीवर तापमान आणि क्षारता नोंदवते. बर्फाळ मातीतले मिथेन बनवणारे आणि मिथेन खाणारे जिवाणू हा आणखी एक मोठा विषय.

पण मराठवाड्याला त्याचं काय? इथं प्यायला पाणी नाही.

हा प्रश्न सहसा मागच्या बाकावरचे शेतकरी पालक विचारतात, आणि तो टोमणा नसतो. तीन उत्तरं देतो.

एक, तूर. स्वालबार्डला, हिमाद्रीपासून शंभरेक किलोमीटरवर, डोंगराच्या पोटात २००८ पासून जगाचं बियाण्यांचं कोठार आहे. उणे १८ अंशांवर बियाणं ठेवतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग यांचे एक लाखाहून जास्त नमुने तिथं जपायला दिलेत. यादी नीट बघा, ही आपल्याच रानातली पिकं आहेत. बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीचे वाण तयार होतात तेव्हा पैदासकाराला जुन्या वाणांचे गुण हाताशी लागतात. ते गुण हरवू नयेत यासाठीचं हे शेवटचं कुलूप.

दोन, पाऊस. गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आर्क्टिकच्या कारा समुद्रातल्या उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतात सप्टेंबरच्या उत्तरार्धात होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असू शकतो असं मांडलं. असू शकतो, एवढंच. पण सप्टेंबरच्या शेवटी काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं पाहिलेल्या माणसाला या वाक्यात रस असणारच.

तीन, पाहुणे. जानेवारीत पैठणला नाथसागराच्या कडेला चिखलात चिमणीएवढे करडे पक्षी शिलाईमशीनसारखी चोच मारत धावतात. पक्षीमित्र त्यांना लिटल स्टिंट म्हणतात. त्यांची अंडी-पिल्लं आर्क्टिकच्या टुंड्रात होतात. तिकडचा उन्हाळा आधी सुरू झाला, किडे लवकर आले आणि पिल्लं नंतर निघाली, तर त्याचा हिशेब नाथसागरावर लागतो. जायकवाडीवर वर्षानुवर्षं नेमानं पक्षी मोजणाऱ्याच्या वह्या हे ध्रुवीय जीवशास्त्रच आहे, कुणी तसं म्हणत नसलं तरी.

जायचं कसं? अर्ज कुठं करायचा?

एकट्यानं अर्ज करून संशोधक म्हणून जाता येत नाही. विद्यापीठ किंवा संस्था प्रस्ताव देते. गोव्याचं केंद्र प्रस्ताव मागवतं, तज्ज्ञ तपासतात, प्रश्न विचारतात. निवड झाली की दिल्लीत एम्समध्ये कसून वैद्यकीय तपासणी. मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावर चालायचं, दोराला बांधून घ्यायचं, फटीत पडलेल्याला काढायचं प्रशिक्षण. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन, आणि तिथून विमानानं किंवा जहाजानं पुढं. उन्हाळी तुकडी म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च. हिवाळी तुकडीतला माणूस वर्षाहून जास्त काळ घर बघत नाही, आणि त्यातले दोनेक महिने सूर्यही बघत नाही.

आता आमचा प्रस्ताव. विषय होता लायकेनची विविधता. सादरीकरण छान झालं असं आम्हाला वाटलं. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "हेच काम हिमालयात का होणार नाही?" आम्ही तिघं एकमेकांकडं बघत बसलो. उत्तर नव्हतंच. आम्हाला अंटार्क्टिकाला जायचं होतं, म्हणून विषय शोधला होता. प्रश्न पडला म्हणून जायचं नव्हतं. राग यायला हवा होता, पण परतीच्या गाडीत लातूर येईपर्यंत तिघांनाही पटलं होतं. आता पोरांचे प्रस्ताव वाचताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. आत्तापासून काय करू?

हात बसवा. निर्जंतुक पद्धतीनं जिवाणूंचं संवर्धन, डीएनए काढणं, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणं, आणि थोडं संगणकावरचं संख्याशास्त्र. चौघांत एखादंच सगळं करतं, तेच पोरगं पुढं जातं. नंतर एमएस्सी, नेट किंवा गेट, आणि ज्या मार्गदर्शकाचा ध्रुवीय प्रकल्प चालू आहे त्याच्याकडं पीएचडी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात किंवा संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकून हे होण्यासारखं आहे.

टोकाच्या परिस्थितीत जगणारे जीव शिकायला बर्फच लागतो असं नाही. लोणार विदर्भात असलं तरी मंठ्याहून हाकेच्या अंतरावर आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, आपल्या धुण्याच्या सोड्याच्या पंगतीतला. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं कारण शोधलं: मीठप्रिय सूक्ष्मजीव. खारट-अल्कधर्मी पाण्यात जीव कसा तगतो ते ज्याला कळलं, त्याला बर्फातला प्रश्न विचारता येतो. फक्त तिथं नमुना घ्यायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढा.

न जाताही काम होतं हे विसरू नका. जनुकक्रमांची माहिती जगभर खुली आहे, उपग्रहचित्रं आहेत, आणि गोव्याच्या केंद्राचं ध्रुवीय माहिती केंद्र आहे.

तिथून दगड, मॉस, पिसं घरी आणता येतात का?

नाही. अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या १९९१ च्या पर्यावरणविषयक माद्रिद प्रोटोकॉलनं आणि २०२२ च्या आपल्या भारतीय अंटार्क्टिक कायद्यानं परवान्याशिवाय जीव गोळा करायला, त्यांना त्रास द्यायलाही बंदी आहे. उलट, तुम्ही काही नेत नाही ना हे आधी बघतात. बूट घासायचे, खिशांचे कोपरे साफ करायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं बी चिमट्यानं काढायचं. अतिरेक वाटतो? आपल्याकडं सगळीकडं दिसणारं एक किरकोळ गवत, पोआ ॲनुआ, अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या केंद्रापाशी रुजलं, आणि ते काढायला वर्षं गेली. गाजरगवत ज्यांनी बांधावरून उपटलंय त्यांना जास्त सांगायला नको. आता बर्डफ्लूही पोचलाय: २०२३ च्या ऑक्टोबरात साउथ जॉर्जिया बेटांवर, २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर.

परवान्यानं घेतलेले नमुने गोठलेले राहतील अशा साखळीनं येतात. त्या साखळीची किंमत मला लोणारच्या चिखलानं शिकवली. चाळीस कुप्या फ्रीजरमध्ये होत्या. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी इमारतीचं मेन स्विच बंद करून गेलं. उघडलं तेव्हा वासावरूनच कळलं. लोणारला पुन्हा जाता येतं.

मुलींना पाठवतात का?

पाठवतात, आणि १९८३ पासून. तिसऱ्या मोहिमेत भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरी जीवशास्त्रज्ञ अदिती पंत या दोघी गेल्या. अदिती पंत नागपुरात जन्मलेल्या, पुणे विद्यापीठाच्या पदवीधर, पुढं समुद्री शैवालांवर डॉक्टरेट. आपलीच मराठी बाई. इस्रोच्या मंगला मणी २०१६-१७ मध्ये पन्नाशी उलटल्यावर भारतीवर ४०३ दिवस राहून आल्या; त्या तुकडीत त्या एकट्याच बाई होत्या. एका विद्यार्थिनीची आई मला म्हणाली, "सर, लातूरच्या होस्टेलला पाठवताना जीव वरखाली होतोय, आन् तुम्ही दक्षिण ध्रुव सांगतांव." मी त्यांना मंगला मणींचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग विचारलं, "खायला काय करत असतील?"

खायला काय मिळतं?

आपलंच. डाळ, भात, पोळी. स्वयंपाकी सोबत असतो. ताजी भाजी हा सण.

आमचं पोरगं आयटीआय आहे. त्याला काही?

आहे, आणि हे कुणी सांगत नाही. केंद्र चालवायला डिझेल मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, बॉयलर चालवणारा, सुतार, स्वयंपाकी, डॉक्टर, परिचारक सगळे लागतात. गोव्याचं केंद्र त्यासाठी कंत्राटी जागांच्या जाहिराती काढतं. जनरेटर बंद पडला तर सगळ्या शास्त्रज्ञांचं जीवशास्त्र एका रात्रीत संपतं.

यातून औषध, उद्योग, पैसा?

थोडा. अंटार्क्टिकाच्या व्हँडा तळ्याच्या गाळातून मिळालेल्या एका यीस्टचं लायपेज, म्हणजे चरबी फोडणारं विकर, आज जगभरच्या रसायन उद्योगात वापरलं जातं. गार पाण्यात कपडे धुणारी विकरं, कमी तापमानात दूध प्रक्रिया, अशा वाटा आहेत. पण असा शोध विकून आलेल्या पैशावर हक्क कुणाचा, यावर करारातले देश वर्षानुवर्षं बोलताहेत आणि ठोस नियम झालेले नाहीत. भारतानं तिथं जोरात बोलायला हवं, नाहीतर हळदीच्या पेटंटसारखं मागून धावावं लागेल.

भारत कमी कुठं पडतो?

स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज नाही. चाळीस वर्षं भाड्याच्या जहाजांवर काढली, आणि भाड्याच्या जहाजावर समुद्री जीवशास्त्रज्ञाच्या वाट्याला वेळ उरतोच किती? कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कंपनीनं २०२५ मध्ये नॉर्वेच्या कंपनीशी त्यासाठी करार केलाय. मैत्री जुनी झालीय, मैत्री-२ ची तयारी चालू आहे.

मला जास्त काळजी वर्गीकरण करणाऱ्यांची आहे. मॉस, लायकेन, माइट बघून ओळखणारी माणसं निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. जनुकक्रम काढणारं यंत्र विकत मिळतं. तो क्रम कुणाचा हे सांगणारा माणूस घडवायला वीस वर्षं लागतात. महाविद्यालयातलं वनस्पतिसंग्रहालय कुलूपबंद असेल तर प्राचार्यांकडून किल्ली मागा. वाळवीनं बरंच सोडलेलं असतं.

सर, पासपोर्ट काढून ठेवू का?

काढा. दहावीच्या सनदेवर, आधारवर आणि जन्मदाखल्यावर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. आमच्या एका पोराचं तिन्हीकडं वेगळं निघालं, आणि ते दुरुस्त व्हायला औलीच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त दिवस लागले असते.